उन्हाळा, नकाशा आणि घंगाळ

उन्हाळ्याला नांवें ठेवणाऱ्या लोकांचें आणि आमचें कधींच जमलें नाहीं. वर्तमानपत्रांत तपमानाचे आंकडे वाचून उसासे टाकणारे, ‘यंदासारखा उन्हाळा पूर्वीं नव्हता’ असें दर वर्षीं म्हणणारे आणि चैत्र लागतांच थंड हवेच्या ठिकाणीं धांव घेणारे गृहस्थ आमच्याहि ओळखीचे आहेत. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे, आणि अलीकडे त्यांचें म्हणणें खरें ठरूं लागलें आहे हेंहि आम्हांस कबूल आहे. परंतु वैशाखाचा महिना स्वतःच्या घरीं, स्वतःच्या माणसांत, घामाघूम होऊन काढण्यांत जें सुख आहे, त्याची त्यांना कल्पना नसावी. हिवाळ्यांत माणसें आपापल्या पांघरुणांत शिरतात. पावसाळ्यांत आपापल्या छत्रीखालीं एकेकटीं चालतात. उन्हाळा मात्र साऱ्यांना एका पंख्याखालीं आणून बसवितो. कुटुंब नांवाची जी संस्था आहे, तिचें वार्षिक संमेलन भरण्यास याहून योग्य ऋतु दुसरा नाहीं.

आमचें बिऱ्हाड पुण्यास, पेठेंतल्या एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. वरती गच्ची आहे. ती उन्हानें जेवढी तापते तेवढें आमच्या आईच्या मनाला समाधान वाटतें. कारण तिच्या लेखीं गच्ची म्हणजे वाळवणाचें शेत. मुलांच्या परीक्षा आटोपतात, मुंबईहून आमची ताई आपल्या दोन मुलांस घेऊन माहेरीं येते, आणि दुसऱ्याच दिवशीं गहूं भिजत पडतात. तीन दिवस पाणी बदलून भिजविलेले गहूं वाटावयाचे, त्यांचा चीक गाळून रात्रभर निवळूं द्यावयाचा, वरचें पाणी ओतून खालचा घट्ट चीक शिजवावयाचा, आणि ऊन चढण्यापूर्वीं सोऱ्यानें कुरडया घालावयाच्या, असा हा विधि आहे. आमची सौ. कचेरींत जाणारी; पण त्या दिवशीं ती हक्काची रजा काढते आणि पदर खोंचून गच्चीवर हजर होते. मुलांचें लक्ष कुरडयांकडे नसतें, पातेल्यांत उरलेल्या चिकाकडे असतें. दूध-साखर घालून तो गरम गरम चीक चाटून झाला, कीं तीं कावळे राखण्यासाठीं म्हणून सावलीला बसतात आणि पत्त्यांचा डाव मांडतात. कावळे त्यांच्या डोळ्यांदेखत आपला वांटा उचलून नेतात. पण त्या वेळीं कोणावर तरी झब्बू आलेला असतो, त्यामुळें इकडे कोण पाहणार?

मागच्या खोलींत गवतांत आंब्यांची आढी घातलेली असते. सबंध महिनाभर घराला एकच वास येतो. कपाटांतल्या कपड्यांना आणि आमच्या पुस्तकांनासुद्धां. दुपारीं आई आढींतले बारा-पंधरा आंबे हातानें चांचपून निवडते आणि पाण्यानें भरलेल्या तांब्याच्या मोठ्या घंगाळांत सोडते. या घंगाळाहून जुनी वस्तु आमच्या घरांत नाहीं. नळ आले, पाणी तापविण्याचीं विजेचीं यंत्रें आलीं, तेव्हां त्याचें स्नानाचें काम संपलें. पण वैशाख लागला कीं आंब्यांमुळें त्याला पुन्हां मान मिळतो. त्याच्या एका अंगास चांगला वीतभर पोचा आहे. येथल्या तांबटआळींतील एका कारागिरानें तो ठोकून सरळ करून देण्याची तयारी अनेकदां दाखविली होती. पण आमच्या आजीनें ती असेपर्यंत तो काढूं दिला नाहीं, आणि तिच्यामागें आईनेंहि नाहीं. कां, तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. जुन्या भांड्यांना पोचे असावयाचेच, अशी आमची समजूत.

जेवणें झालीं, खिडक्यांवरील वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडलें, कीं आमच्या प्रवासास आरंभ होतो. घरांत भारतवर्षाचा एक मोठा जुना नकाशा आहे. त्याची घडी जेथें जेथें पडते तेथें तेथें तो फाटला आहे, आणि त्यामुळें मध्य प्रदेशांत एक भली मोठी दरी निर्माण झाली आहे. मुलांच्या हातीं आईबापांचे मोबाईल असतात, आणि त्यांत जगांतील वाटेल त्या गल्लीचें चित्र दिसतें. तरी सतरंजीवर नकाशा पसरून त्याच्याभोंवतीं पालथें पडण्याची मजा त्या कांचेच्या तुकड्यांत नाहीं, हें त्यांनाहि पटलेलें आहे. या सतरंजीवरून आम्ही आजवर काशीस निदान सात वेळां गेलों असूं. रामेश्वर झालें, हंपी झाली, काश्मीर तर दर वर्षींचेंच. गेल्या उन्हाळ्यांत ताईच्या थोरल्या चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्हीं नकाशाबाहेरच्या लादीवर जपानपर्यंत मजल मारली. प्रत्येक प्रवासाच्या खर्चाचा अंदाज सौ. एका वहींत मांडते. त्या अंदाजाच्या शेवटच्या आंकड्याशीं आलों, कीं आमचा प्रवास सुखरूप समाप्त होतो आणि मंडळी आंब्यांकडे वळतात. वाचकांपैकीं पुष्कळांनीं याच मार्गानें पुष्कळ देश पाहिले असतील, अशी आमची खात्री आहे.

यंदा काशीचा बेत आठव्यांदां निघाला, तेव्हां आम्हीं मुलांना वरसईच्या विष्णुभट गोडशांची हकीकत सांगितली. घरचें कर्ज फेडावें, चार पैसे मिळवावे, म्हणून हा गरीब भिक्षुक १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला आणि ऐन बंडाच्या धामधुमींत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें आंत राहून पाहिला. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो पायीं चालत कोकणांत आईबापांकडे परतला. त्याचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. ही गोष्ट सांगण्यांत आमचा हेतु असा, कीं आगगाडीचें आरक्षण मिळत नाहीं म्हणून काशी रद्द करणाऱ्यांना थोडी लाज वाटावी. परंतु आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनें त्यांतून भलतेंच सार काढलें. ती म्हणाली, “बाबा, त्यांना परत यायला गांव होतं. आपलं गांव कोणतं?”

हा प्रश्न तिला आपण होऊन सुचला नव्हता. ‘आमचें मूळ गांव’ या विषयावर सुटींत दोन पानें लिहून आणावयास शाळेंतून सांगितलें होतें, आणि पंधरा दिवस ती कोरी वही घेऊन हिंडत होती. आम्हीं सांगितलें, “माण.”

“माण म्हणजे तालुका. गांव?”

आम्हीं गांवाचें नांव सांगितलें.

“तिथं आपलं कोण आहे?”

“आतां कोणी नाहीं.”

“तुम्ही कधीं गेला होतात?”

आम्ही गेलों नव्हतों. पलीकडे आरामखुर्चींत आमचे वडील, नाना, डोळे मिटून पडले होते. ते झोंपलेले नाहींत हें त्यांच्या बोटांवरून कळत होतें. पण ते कांहीं बोलले नाहींत.

मॉरिशस बेटांत मराठी कुळांचे वंशज राहतात. एकोणिसाव्या शतकांत करारानें मजूर म्हणून हजारों कोस दूर गेलेल्या लोकांचीं हीं पतवंडें. गणेशचतुर्थीची त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. त्या काळच्या करारबद्ध मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेल्या आहेत. आणि आपला पणजा कोणत्या गांवाहून आला, हें त्या नोंदींत शोधणारे लोक आहेत. एवढा समुद्र आडवा आला असून त्यांना गांवाचें नांव हवेंसें वाटतें. आम्हांस तें नांव पाठ होतें. मोबाईलवर पाहिलें तर पुण्याहून फलटणमार्गें दोनशें किलोमीटरांच्याहि आंत. सकाळीं निघावें तर दुपारच्या जेवणापूर्वीं पोंचावें. आणि एवढ्याशा वाटेनें आमच्या घराण्यांतलें एकहि माणूस पाऊणशें वर्षांहून अधिक काळ गेलेलें नव्हतें!

सातारा जिल्हा म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें महाबळेश्वर उभें राहतें. तेथें वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व अंगाला असलेल्या माण तालुक्यास ५०० मिलिमीटरहि पुरते मिळतील याचा भरंवसा नसतो. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात, आणि पलीकडे जाते ती नुसती त्यांची सावली. कुळकजाईच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावणारी माण नदी दहिवडीवरून, म्हसवडावरून सांगली जिल्ह्यांतील आटपाडीकडे व तेथून सांगोल्याच्या मुलखांत जाते आणि पंढरपूर तालुक्यांत सरकोलीजवळ भीमेला मिळते. लोक तिला माणगंगा म्हणतात. पण वर्षांतला बराच काळ ती पाण्याची नव्हे, तर वाळूची नदी असते. म्हसवडाजवळचा राजेवाडीचा मोठा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळांत, भुकेल्या लोकांना काम द्यावें म्हणून हातीं घेण्यांत आला. या देशांत पाण्याचा इतिहास आणि दुष्काळाचा इतिहास एकच आहे. बाजरी, मेंढरें, खिल्लारी बैल आणि खांद्यावर घोंगडी टाकून माळामाळानें चालणारे धनगर, हें त्याचें वैभव. गोंदवल्यास श्रीब्रह्मचैतन्य महाराजांची समाधि आहे. म्हसवडास सिद्धनाथ आहे. आणि शिखर शिंगणापुरास शंभुमहादेव आहे. चैत्रांत, ऐन उन्हाच्या तडाख्यांत, भक्त पाण्याच्या जड कावडी मुंगी घाटाच्या उभ्या कड्यानें, एकमेकांस हातांचा आधार देत, वर चढवितात. देवाला पाणी घालावयाचें तें पाणी दुर्मिळ असेल तेव्हांच, असा त्या मुलखाचा भक्तिमार्ग आहे.

हें सारें आम्हांस कोठून ठाऊक? कांहीं पुस्तकांतून. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांचें ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालीं निघालें. नानांजवळ त्याची एक प्रत आहे, तिचा पुठ्ठा दोनदां नवा घातला आहे, आणि दर उन्हाळ्यांत तें एकदां त्यांच्या हातीं दिसतें. परंतु पुस्तकाहून अधिक माण आमच्या घराच्या रीतींत आहे, हें आम्हांस यंदा प्रथमच लक्षांत आलें. आमच्या घरीं पाहुण्याला पाण्याचा पेला कांठोकांठ भरून देत नाहींत. अर्धा देतात आणि मागेल तसा पुन्हां भरतात, म्हणजे उष्टें पाणी टाकावें लागत नाहीं. तांदूळ धुतलेलें पाणी झाडांना जातें. नळ नुसता ठिबकूं लागला तरी नाना दोन खोल्या ओलांडून येतात. मुलें याला नानांचा हट्ट म्हणतात. आम्हीहि म्हणत असूं. आतां वाटतें, घराणें गांव सोडतें, पण गांवाची तहान बरोबर घेऊन निघतें.

त्याच दिवशीं दुपारीं कन्या आंबे काढावयास घंगाळाशीं बसली होती. पाण्यांत हात घालून ती तो पोचा आंतून चांचपीत होती. तिनें सहज विचारलें, “आजोबा, हा पोचा कोणी पाडला?”

नाना म्हणाले, “विहिरीनं.”

आई पदरानें हात पुशीत बाहेर आली आणि दाराशींच उभी राहिली. आम्हांस वाटतें, तिला सर्व ठाऊक होतें.

३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. खून करणारा ब्राह्मण होता. आणि पुढच्या थोड्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंच्या गांवोगांवीं ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच प्रसंगावर आहे. आमच्यासारख्या कित्येक घरांत तिची प्रत असेल. पण स्वतःच्या घराची हकीकत मुलांना सांगण्याची चाल मात्र आमच्याकडे नव्हती. ‘गांवीं घर होतें, तें गेलें,’ एवढ्या चार शब्दांत आमच्या आजोबांनीं तो इतिहास संपविला होता, आणि ‘गेलें’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हें विचारण्याचा धीर आम्हां मुलांस झाला नव्हता.

नाना त्या वेळीं नऊ वर्षांचे होते; आमची कन्या आज आहे तेवढे. ते तिच्याशींच बोलत होते. “आदल्या रात्रीं निरोप आला, कीं उद्यां आपल्या गांवांत येणार आहेत. आपल्या शेतावर जो वाटेकरी होता त्यानंच तो आणला, आणि गाडी जुंपून दारांत उभी केली. जड सामान नेतां येण्यासारखं नव्हतं. आईनं हाताशीं लागलीं तीं भांडीं परसांतल्या विहिरींत टाकलीं. माघ होता, पाणी आधींच खालीं गेलेलं. घंगाळ आंतल्या दगडावर आपटलं आणि मग पाण्यांत गेलं. बाकीचं मला फारसं आठवत नाहीं, पण तो आवाज आठवतो. दुसऱ्या दिवशीं घर जळलं. तें मीं पाहिलं नाहीं. आम्ही तेव्हां साताऱ्याच्या वाटेवर होतों.”

साताऱ्यास एका नातेवाइकांच्या दोन खोल्यांत हें कुटुंब राहिलें. फाल्गुन गेला, चैत्र गेला, आणि वैशाखांतल्या एका दुपारीं दारांत तोच वाटेकरी उभा राहिला. डोक्यावर घंगाळ, घंगाळांत दोन तांबे, एक पातेलें आणि देवाची पंचपात्री. तो इतक्या दूर कसा आला, चालत कीं गाडीनें, हें नानांना ठाऊक नाहीं. त्यांच्या आठवणींत तो एकदम दारांतच उभा आहे. तो म्हणाला, “हीर आटली. गाळ काढाया उतरलो, तवा घावलं. तुमचं तुमास्नी आनून दिलं.”

“मग?” कन्येनें विचारलें.

“मग आईनं त्याला गूळ-पाणी दिलं. वडील माजघरांत बसले होते. आईनं त्यांना दोनदां हांक मारली. ते बाहेर आले नाहींत. ज्या गांवानं घर जाळलं त्या गांवाचं तोंड पाहायचं नाहीं, असं त्यांनीं ठरवलं होतं. आणि दारांत आलेला माणूस त्यांच्या लेखीं गांवच होता. तो थोडा वेळ थांबला. वडिलांची वाट पाहत असावा. मग उठला. त्या दिवशीं घरांत पांच आंबे होते. ते आईनं त्याच्या धोतराच्या सोग्यांत बांधून दिले. उंबऱ्याला हात लावून तो गेला. वडिलांनीं पुढं कधीं त्याला पत्र घातलं नाहीं.”

खोलींत सारींच गप्प होतीं. ताईचा थोरला मुलगा, जो एरवीं कोणतीहि गोष्ट कानाला यंत्र लावल्याशिवाय ऐकत नाहीं, तोहि नकाशावर हात ठेवून बसला होता. कन्येनें मात्र, आम्हीं आयुष्यांत कधीं विचारला नसता असा प्रश्न विचारला, “मग तुम्ही कां नाहीं गेलांत, आजोबा? थँक्यू म्हणायला?”

नाना हंसले नाहींत. त्यांनीं तिला उत्तर दिलें तें एखाद्या प्रौढ माणसाला द्यावें तसें दिलें. वडील असेपर्यंत जाणें शक्य नव्हतें. मग कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळें कायद्यानें जमिनीचे मालक मानलीं गेलीं, आणि आमची जमीन त्या वाटेकऱ्याची झाली. “ज्यानं विहिरींतलीं भांडीं परत आणून दिलीं त्याच्याकडे जमीन गेली, याचं मला कधीं वाईट वाटलं नाहीं,” नाना म्हणाले. “पण त्यानंतर गेलों असतों तर त्याला वाटलं असतं, जमिनीचं कांहीं बोलायला आलों. म्हणून थांबलों. मग नोकरी, मग तुझा बाबा, तुझी आत्या. मग वाटूं लागलं, आतां तो कुठला असायला? थांबायला कारणं पुष्कळ मिळतात, बाळ. तुम्ही काशीला जायचं थांबतां तशींच.”

त्या संध्याकाळीं सौ.च्या वहींत एका नव्या प्रवासाचा अंदाज मांडला गेला. आमच्या घराण्याच्या इतिहासांत त्याचा शेवटचा आंकडा प्रथमच कोणालाहि जड वाटला नाहीं. प्रश्न राहिला तो केव्हां जावें याचा. आम्हीं सुचविलें, दिवाळीनंतर जावें. हवा चांगली असते, ज्वारी-बाजरी उभी असते, आणि नानांच्या प्रकृतीलाहि तें बरें. ताईचें म्हणणें, पुढच्या चैत्रांत जावें, म्हणजे शिंगणापूरची यात्रा आणि मुंगी घाटांतली कावड पाहावयास मिळेल. तिच्या थोरल्यानें मोबाईलवरून नवीच बातमी आणली. पाणी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेंत २०१८ सालीं पहिला क्रमांक माणांतल्या टाकेवाडीनें मिळविला होता, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत त्याच तालुक्यांतील भांडवली गांव होतें. उन्हाळ्यांतले ४५ दिवस गांवच्या गांवें कुदळ-फावडें घेऊन डोंगरउतारांवर चर खणीत होतीं, बांध घालीत होतीं, कीं पडेल तो पाऊस तेथेंच मुरावा. “म्हणजे आजोबा, तुमचं माण आतां तसं राहिलेलं नाहीं. कदाचित् ती विहीर आतां भरलेलीसुद्धां असेल!”

नाना सर्वांचें ऐकून घेत होते. शेवटीं म्हणाले, “भरलेली असली तर आनंदच आहे. आटलेली असली तर तिचा तळ मला एकदां पाहायचा आहे. पण दोन्हीं उन्हाळ्यांतच कळेल. पावसाळ्यानंतर काय, प्रत्येक विहीर भरलेलीच दिसते. आणि पुढच्या चैत्राचं म्हणाल, तर तोंवर विहिरीला धीर आहे, मला नाहीं.”

यावर कोणास कांहीं बोलावयाचें उरलें नाहीं. येत्या शनिवारीं पहाटे चार वाजतां आम्ही निघणार आहों. दोन गाड्या, आठ माणसें. तेथें कोण भेटेल हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्या गृहस्थाचीं मुलें-नातवंडें गांवांत असतील, कीं तींहि आमच्यासारखींच पुण्या-मुंबईस गेलीं असतील. पांच आंब्यांची गोष्ट त्यांच्या घरांत कोणी सांगितली असेल, कीं आमच्याकडे मिटून ठेविली तशी तेथेंहि मिटली असेल. आम्हांस पाहून ते आनंदतील, बुजतील, कीं जमिनीच्या शंकेनें सावध होतील, यांतलें कांहींच सांगतां येत नाहीं. नानांनीं काय बोलावयाचें तें ठरविलें आहे असें दिसतें. कारण गेले दोन दिवस ते गच्चीवर एकटेच फेऱ्या घालतात आणि आम्हीं वर गेलों कीं गप्प होतात.

आढींतले निवडक आंबे एका पेटींत भरून झाले आहेत. कन्येची इच्छा होती कीं घंगाळहि बरोबर घ्यावें, म्हणजे त्या घरच्या माणसांना पोचा दाखवितां येईल. नाना म्हणाले, “नको. ज्यानं तें डोक्यावरून आणून दिलं त्याच्या दारांत तें पुन्हां नेऊं नये. पुरावा न्यायला आपण कोर्टांत थोडेच चाललों आहोंत?” तेव्हां घंगाळ घरींच राहणार. परत आल्यावर त्यांत आंबे सोडावयाचे आहेतच. अजून अर्धी आढी शिल्लक आहे, आणि मृगाला पुष्कळ दिवस आहेत.

काशीचा बेत पुढें ढकलला आहे, हें सांगावयास नको. काशी आहे तेथेंच आहे. नकाशाची घडी घालून आम्हीं तो कपाटावर ठेवला. शनिवारच्या वाटेसाठीं त्याची गरज नाहीं. कन्येच्या वहींत दोन पानांपैकीं एकच ओळ लिहून झाली आहे, आणि पुढचें तेथून परत आल्यावरच लिहीन असें तिनें आम्हांस बजाविलें आहे. ती ओळ अशी आहे: ‘आमच्या मूळ गांवीं एक विहीर आहे.’